ओचिरची अर्धी कुस्ती

दुलमा चहात मीठ टाकत होती, तेवढ्यात पेटीचं झाकण वाजलं. वळून बघते तर यादम कुस्तीची बंडी झटकत उभा. तिनं पळी भांड्यावर आपटली.

"लाज न्हाई वाटत? पोराला माती दिल्याली वाळली न्हाई आजून, आन् तुम्ही निगाला झोंबायला?"

"वरीस झालं. जत्रा आली म्हंजे वरीस झालंच की."

"उठताना गुडगं वाजत्यात तुमचं!"

"वाजूं देत. मला त्या गोन्चिगला एकदा धरून बघायचंय."

गोन्चिगचं नाव निघालं तशी दुलमानं पळी खाली ठेवली. तिनं चहाचा वाडगा नवऱ्यापुढं सरकवला आणि घोड्या दोहायला तंबूबाहेर निघून गेली.

यादम म्हणजे हाडं आणि चामडं. पण तरुणपणी त्यानं डोंगराएवढे गडी लोळवले होते आणि 'ससाणा' हा किताब मिळवला होता. आमच्या आखाड्यात वजन कोण विचारतो? गुडघा टेकला की हरला, संपलं. म्हातारी मंडळी घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा फिरवत वाद घालायची, अंग मोठं की डाव मोठा? यादमचं उत्तर ठरलेलं असायचं. "उंट केवढा! पर नाकातल्या काडीमागं गपगुमान चालतो."

त्याचा एकुलता एक पोरगा ओचिर बापाच्याच अंगानं निघाला, बारीक आणि चिवट. यादमनं त्याला हिवाळाभर कुरणातल्या बर्फात घोटून घेतलं. काखेत शिर, आतली टांग घाल, मान आत घे आन् छातीनं उचल. वजनाला भिऊ नगंस.

पोरगा भ्यालाच नाही. गेल्या जत्रेत तो गोन्चिगच्या काखेत शिरला, त्याला उचललं, आणि मग दोघं खाली आले. ओचिर खाली होता. त्याची मान मोडली होती. हरलेल्यानं बंडीची नाडी सोडून जिंकणाऱ्याच्या हाताखालून जायचं, मग जिंकणाऱ्यानं गरुडासारखे हात पसरून फेरी घ्यायची, ही आमची रीत. ओचिर उठलाच नाही, आणि गोन्चिगनं फेरी घेतलीच नाही. ती कुस्ती तशीच अर्धी राहिली.

गाव म्हणालं, पोरानं मान आत घेतली नसंल. यादम ते ऐकून घ्यायचा आणि रात्र रात्र तंबूच्या छताकडं बघत पडायचा. पोरगं चुकलं, का शिकवणारा चुकला, एवढं एकच त्याला कळून घ्यायचं होतं.

जत्रेच्या दिवशी वाऱ्यानं गवत जमिनीला टेकलं होतं. घरच्यांनी ढकलून आणलेला गोन्चिग मान खाली घालून पैलवानांच्या रांगेत उभा होता. किताबवाल्याला पहिल्या कुस्तीचा जोड आपल्या मनानं निवडता येतो, आणि सगळे शहाणे कोवळं पोरगं बघून निवडतात. यादमनं गोन्चिगकडं बोट केलं.

यादमची टोपी धरून उभा असलेला त्याचा पाठीराखा, म्हातारा सेदेन, कुजबुजला, "आरं, सूड घ्यायचं वय हाय व्हय तुजं?"

"सूड न्हाई रं," यादम म्हणाला आणि आखाड्यात उतरला.

गोन्चिगचे हात दोरीसारखे लोंबत होते. "काका, मी पडतो. पाडा मला."

"आपनहून पडलास तर जन्मात तुजं त्वांड बघनार न्हाई. वजन टाक. त्याच्यावर टाकलं व्हतंस तेवढं."

"न्हाई जमायचं, काका."

"बापाला कळाया पायजे रं, पोरा."

गोन्चिगनं डोळे मिटले आणि अंग टाकलं. यादम काखेत शिरला. टांग बसली. मान आत गेली. छातीनं उचललं, तसा त्या धिप्पाड गड्याचा पाय गवतावरून सुटला. सगळं जिथल्या तिथं बसलं होतं. आणि मग ते वजन खाली आलं, ओल्या बर्फानं तंबूचं छत बसावं तसं. त्यावर यादमकडं डावच नव्हता. त्याला तो कधी ठाऊकच नव्हता, मग पोराला कुठून शिकवणार?

गोन्चिगनं मधेच अंग फिरवलं, म्हाताऱ्याला कमरेला धरून सावरलं आणि अंड्यासारखं अलगद गुडघ्यावर टेकवलं.

यादम उठला. त्यानं नाडी सोडली आणि वाकून गोन्चिगच्या हाताखाली गेला. तिथंच थांबला.

"ह्ये हाताखालनं जानं माजं न्हाई. ओचिरचं हाय. जा, फेरी घे. त्याची कुस्ती संपव."

गोन्चिग हात पसरून फिरला, आणि फिरता फिरता लहान लेकरासारखा हुंदके देत होता. माळावर कुणी टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी दुलमा चुलीपाशीच बसली होती. यादमनं बंडी पेटीत ठेवली. झाकण लावायला मात्र त्याचा हात उचलेना.

"पोराचं काईबी चुकलं नव्हतं," तो म्हणाला.

दुलमानं विस्तवात शेणी सारली.

"मला ठावं व्हतं," मग ती म्हणाली. "तुमी शिकिवल्यालं त्यानं कदी चुकिवलं व्हतं का? डाव तुमचाच कमी पडला ह्ये तुमाला कळू नये, म्हून गाव बोलंल त्ये ऐकून घेत व्हते."

यादम पेटीच्या काठावर डोकं टेकून रडायला लागला. दुलमा उठली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.