बांधावरची गाडी

योगराजने मोटारसायकल बांधाला लावली तेव्हा गाडी निम्मी भरली होती. गाडी गुजरातच्या नंबरची. वावराचे मालक तोतारामआबा गाडीच्या मागच्या फाळक्यापाशी उभे राहून टोमॅटोचे क्रेट वर देत होते. त्याला पाहताच त्यांनी हातातला क्रेट खाली ठेवला.

"ऊना का योगराज? ये, बठ. माले माहीत शे तू काबर ऊना ते."

योगराज बसला नाही. "सुरतनी गाडी शे का, आबा?"

"सुरतनी शे. व्यापारी बांधवर ऊना. भाव तर तुले माहीत शे."

भाव सगळ्यांनाच माहीत होता. दुखणं तेच होतं.

सोनगीरच्या पलीकडे, हमरस्त्यालगत टोमॅटोचा गर काढणारा एक छोटा कारखाना होता, धुळ्याच्या प्रकाशचंद शेठचा. योगराज तिथला माल आणणारा माणूस. लागवडीआधी गावोगाव फिरून कमी पाण्याची, गराची जात लावायला सांगायची, भाव आधीच ठरवायचा आणि तोडणीला गाडी पाठवायची, हे त्याचं काम. बाजारातला पाणीदार टोमॅटो आटवायला बॉयलर दुप्पट लाकूड खातो, म्हणून ही सगळी खटपट.

यंदा दक्षिणेत रोग पडला, पीक गेलं, आणि बाजार असा चढला की ठरलेल्या भावाला कोणी विचारेना. आठवडाभर योगराज दारोदार फिरत होता. कोणी घरी नसायचं, कोणाचा फोन लागायचा नाही. उरले होते तोतारामआबा. त्यांनी माल दिला असता तर गावातले बाकीचेही लाजेकाजेने मागे आले असते, आणि कारखान्याचा हंगाम निभावला असता.

आबांनी पंच्याने मान पुसली. "दख भाऊ, तुले शब्द देल शे मी. तू म्हण, आते गाडी खाली करसू."

व्यापाऱ्याचा माणूस चमकून त्यांच्याकडे पाहू लागला. गाडीवरच्या गड्याचे हात थांबले. आबा गंमत करत नव्हते. योगराज त्यांना लहानपणापासून ओळखत होता.

एक शब्द बोलायचा होता. तोच बोलायला तो पहाटे घरून निघाला होता. पण नजर वावराकडे गेली आणि त्याला गेलं साल आठवलं. तेव्हा टोमॅटो इतका पिकला होता की मार्केटात उतरवून घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि नेमका त्याच वेळी कारखान्याचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीचा माणूस बाहेरून यायचा होता. माल ठेवायला थंड खोली नव्हती. योगराजनेच इथे येऊन सांगितलं होतं, आबा, तोडू नका. आबा नुसते "बरं" म्हणाले. मग त्यांनी मेंढपाळांना बोलावलं आणि उभ्या वावरात मेंढ्या सोडल्या. मेंढ्यांची लाल झालेली तोंडं योगराजने स्वतः पाहिली होती.

"गये साल तुमी माले काहीच बोलनात नहीत, आबा."

"तुले काय बोलू? बॉयलर काय तू फोडेल व्हता?"

योगराजने बाह्या वर सारल्या. खाली ठेवलेला क्रेट उचलला आणि गाडीवरच्या गड्याच्या हातात दिला.

"भरा आबा गाडी. ऊन चढी राह्यनं."

गाडी भरेपर्यंत तो तिथेच राबला. आबांच्या पत्नी धुरपदाबाईंनी आणलेला चहा त्याने उभ्यानेच घेतला.

संध्याकाळी प्रकाशचंद शेठच्या खोलीत तो म्हणाला, "शेठ, शेवटची गाडीही सुरतला गेली. आबा उतरवायला तयार होते. मीच भरा म्हणालो."

"तुम्हाला माल आणायला पाठवलं होतं, योगराजभाऊ."

"हो."

"हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. मला कुठे कळणार होतं?"

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्यांच्या जागी मी असतो तर मीही सुरतलाच दिला असता. पण मला मुंबईची ऑर्डर पुरी करायची आहे. संयम वर्षभर मागे लागलाय, आता त्याचंच ऐकतो." संयम म्हणजे शेठचा मुलगा. "परदेशातून घट्ट गर येतो ड्रममधून. पाणी घालायचं, उकळायचा, भरायचा. इथल्यापेक्षा स्वस्तच पडतो."

"मग निवडणाऱ्या बाया?"

"ड्रममध्ये निवडायचं काय?" शेठचा आवाज खाली आला. "तुम्ही राहा. गोदाम बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया नेहमीसारख्या आल्या. डोक्याला पांढऱ्या टोप्या घालून माल सरकवणाऱ्या रिकाम्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. खराब फळ काढून टाकायची त्यांची जागा तीच. सगळ्यांत जुन्या भिकुबाईने विचारलं, "माल कवय येई, भाऊ?"

"माल येवाव नही, अक्का." पुढचं बोलायला त्याला जड गेलं. "आते निवडानं कामच राह्यनं नही."

एकीने टोपी काढून हातात धरली. भिकुबाईने पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"धूळ बठेल शे," ती म्हणाली. "धुई टाकूत. असा सोडीसन कसं जावानं?"

तिने पाइप ओढला, बाकीच्यांनी फडकी घेतली. योगराजने मोटार चालू केली. पट्टा फिरू लागला आणि बाया नेहमीच्या जागेवरून, खाली मान घालून, तो पुसू लागल्या.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आबांचा होता.

"गाडी पोचनी रे सुरतले. भाव बरा लागना." मग त्यांनी विचारलं, "तुना कारखाना चालू शे ना?"

योगराजने पट्ट्याकडे पाहिलं.

"चालू शे, आबा."

बाया हात पुसून निघून गेल्या. पट्टा पुरता सुकेपर्यंत योगराजने मोटार बंद केली नाही.