अजून जरा भडक

तोकिए गेली तेव्हा तिचं कापड अर्धंच शिवून झालं होतं. तिच्या मुलाने शिझुओकाहून गाडी आणली आणि लग्न होऊन या गल्लीत आल्यापासूनची माझी शेजारीण तीत बसून त्याच्याकडे कायमची राहायला निघाली. जाताना काच खाली करून म्हणाली, "सेत्सु, ते साशिको तेवढं पुरं कर. पण धागा जुळव हं. हाताला लागेल तो घेऊन बसशील."

"तुझ्यासारखी नाही मी," मी म्हटलं. निरोपाला असं बोलायचं असतं का? पण आमचं तसंच.

गडद निळं कापड, त्यावर साशिकोचे शेंदरी टाके, साध्या धावदोऱ्याची नक्षी. अर्धं शिवून तिने ते कित्येक वर्षं चहाच्या मेजावर तसंच वापरलेलं, त्यामुळे टाके विटून गेले होते. दुकानातला नवा शेंदरी त्याच्याशेजारी नुसता किंचाळायचा. म्हणून धाग्याची लड धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची, खळबळून वाळवायची, कापडावर धरून बघायची. पहिली लड पार उतरली, गुलाबीसुद्धा राहिली नाही. दुसरी मात्र अशी जुळली की टाक्यांवर ठेवली तर दिसेना.

आता लडीची गाठ कापायची, सैल वेणी घालायची आणि एकेक धागा ओढत शिवायला बसायचं. मी ती खुंटीला अडकवून ठेवली.

कारण दर रविवारी तोकिएचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला. "जुळला का?"

"अजून जरा भडक आहे."

"परत सोड्यात घाल."

"मला शिकवू नकोस."

मग सुनेचं गोडमिट्ट मिसो सूप, तिकडची संत्री, इकडचा बर्फ. जुळला म्हटलं असतं तर कापड पुरं होऊन टपालाने गेलं असतं, आणि मग? 'बरी आहेस ना' म्हणून फोन करायची आमची रीतच नव्हती. बाकीचे दिवस मी टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईशी बोलायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी जरा जास्तच रंगवून सांगितलं. "दिवसभर खिडकीत टांगलीय लड. ऊन खातेय."

"ऊन?" तोकिए म्हणाली. "साकातात? जानेवारीत?"

मी चरकले. आमच्या या गावात हिवाळाभर ढग हटत नाहीत; दिवसासुद्धा दिवा लावून बसले होते, आणि जन्म याच गावात काढलेल्या बाईला थापा मारत होते.

"जुळलाय ना गं?"

"हो."

"कधीचा?"

"नव्या वर्षाच्या आधीच."

आता टोमणा येणार म्हणून मी थांबले. ती हळूच म्हणाली, "सेत्सु, मला आता रंग कळत नाहीत. सगळं करडंच दिसतं. काळा धागा घातला असतास तरी चाललं असतं."

"मग दर रविवारी विचारत कशाला होतीस?"

"तू खोटं कशाला सांगत होतीस?"

मी खुंटीवरची लड काढून मांडीवर घेतली.

"आता शिवायला घे," ती म्हणाली. "झालं की सांग. मी म्हणेन टाके वाकडे आलेत. मग उसव आणि पुन्हा शिव."

"पण तुला तर दिसत नाही."

"तुझे टाके वाकडेच असतात. त्याला बघायला कशाला हवं?"

मी खो खो हसले. तीही हसली, मग सुनेने हाक मारली आणि फोन ठेवला गेला. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. पुढच्या रविवारपर्यंत या घरात कुणी हसणार नव्हतं.