चावीवालीचा बेसूर

या, जवळ या. भिंतीला टेकू नका, डुलकी लागेल. गाण्याची गोष्ट सांगतो. कीर्तनात बसायची हौस असली तरी आज गाणारी बेसूर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या वस्तीला पाणी येतं ते डोंगरावरच्या टाकीतून. रोज सकाळी एक माणूस पाइपाच्या कडेनं चढतो आणि वरची चावी सोडतो. वाटेत सांध्यासांध्याला काठीचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं. गळती असली तर आत सूंऽऽ ऐकू येतं. म्हणून चावीवाले सगळी वाटच दबक्या पावलांनी, मुकाट चालायचे. हीच रीत आमच्या चावीवाल्या दादाच्या मुळावर आली. ओढ्याच्या वळणावर तो पिल्लू घेऊन बसलेल्या अस्वलिणीच्या थेट पुढ्यात गेला. देवानं जीव राखला, पण उजवा हात लुळा पडला.

आता चावी कोणाची? दादाची बायको, आमची वहिनी, म्हणाली, "माझी." तिचे धाकटे दीर, भाऊजी, हसले. त्यांच्याकडे बंदूक होती. पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "दोघं जाऊन बघा. ज्याच्या हातून नीट होईल, काम त्याचं."

"धाकट्याला जाऊ दे की," सासूबाई कळवळल्या.

"आज अस्वलाला भिऊन घरात बसले, तर उद्या सावलीला भिईन," वहिनी म्हणाली. "शिवाय चावी गेली, की तुमचा थोरला अंथरुणातून उठायचाच नाही. कान अजून तिकडेच लागलेत त्याचे."

दादानं एवढंच सांगितलं, "मी मुका चाललो. तू तशी चालू नकोस."

वहिनीनं मिरचीच्या फवाऱ्याचा डबा कमरेला अडकवला. वाट चढायला लागली तशी चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहिला आणि खड्या आवाजात सुरू केलं,

"आले रे देवा, आले तुझ्या दारी,
तुझीच लेकरं डोंगरावरी!"

"वहिनी, पुरे!" बंदूक घेऊन मागून येणारे भाऊजी ओरडले. "अस्वल पळेल का ते माहीत नाही, मी मात्र पळेन!"

"पळा ना. दम असला तर वरच्या बाजूला पळा."

"अहो, शिकारी कधी गातो का?"

"मी कुठं शिकारीला निघालेय? मी पाणी सोडायला निघालेय. सांध्यापाशी गप्प बसते, ऐकते. पुढं पुन्हा गाते. त्याला कळू दे, माणूस येतंय. त्यालाही घर आहे."

भाऊजी वैतागले. बंदूक सावरत झपाझप पुढे निघून गेले. ओढ्याचा खळखळाट सुरू झाला आणि त्यांची पावलं त्यात बुडाली. वहिनी वळणावर पोचली तेव्हा भाऊजी वाटेतच अडकून उभे होते. समोर अस्वलीण, मागं पिल्लू. बंदुकीचा पट्टा झुडपात अडकलेला, आणि भाऊजी तो ओढत होते.

"ओढू नका. पळू नका. माझ्या मागं या, हळू."

"गोळी घालतो!"

"इतक्या घाईत? नुसती जखमी केलीत तर उद्या या वाटेनं येणाऱ्याचं काय?" तिनं बंदुकीची नळी खाली दाबली, डब्याची खिट्टी काढली आणि अस्वलिणीकडे तोंड करून पाऊल पाऊल मागं सरू लागली. गाणं थांबलं नाही, नुसतं बारीक झालं.

अस्वलीण धावली. वहिनीनं थांबून तिला जवळ येऊ दिलं, मग तिच्या तोंडापुढं फवारा सोडला. वारा पाठीमागून होता. लाल ढगात अस्वलीण शिंकली, गरकन वळली आणि पिल्लाला पुढं घालून झाडीत गेली.

भाऊजींनी झुडपातून पट्टा सोडवला. "चला आता घरी."

"घरी? वस्ती तोंड धुवायची थांबलीय!"

उरलेले सांधे तिनं ऐकले, एकही चुकवला नाही. टाकीशी जाऊन चावी सोडली.

खाली दादा नळापाशी बसून होता. नळ आधी खोकला, मग गुरगुरला, मग पाणी धो धो आलं. दादानं डावा हात त्या धारेखाली धरला तो धरलाच.

परतल्यावर भाऊजींनी साहेबांना स्वतःच सांगितलं, "काम वहिनीचं. फक्त तिचा सूर..."

"सूर देवाला," वहिनी म्हणाली, "आवाज अस्वलाला."

आता एक मागणं. वहिनीला आठवायची गरज नाही; सकाळ झाली की ती सगळ्या डोंगराला ऐकू येते. पण नळ सोडाल तेव्हा दादाला आठवा. आपल्या पाण्याचा आवाज ऐकायला तो इतकी वर्षं गप्प चालला.