डुकराचं हसरं डोकं

कोरियातल्या देजॉनच्या एका प्रयोगशाळेत सूर्यासारखी आग पेटवणारं यंत्र सुरू करायच्या आधी दरवर्षी पूजा व्हायची. यंत्रापुढे डुकराचं उकडलेलं डोकं मांडायचं. डोकं हसरं असलं की वर्ष चांगलं जाणार, अशी तिथल्या भल्याभल्या शास्त्रज्ञांची समजूत. ते डोकं आजवर मालसुनच्याच खानावळीतून जायचं. यंदा तो मान समोरच्या खानावळीच्या फिलन्योला मिळाला. आणि तिला तो दिला कुणी, तर मालसुनच्या पोटच्या पोरानं, तिथेच नोकरीला असलेल्या ग्यूहोनं.

"मागच्या वर्षी तोंड फाटलं होतं, आई. रडल्यासारखं दिसत होतं."

"तुझी बायको रोजच तशी दिसते. तिला बदललंस का?"

ग्यूहो हसला नाही. "तू आच फार मोठी ठेवतेस."

"दहा कोटी अंशांची आग पेटवणारा तू, मला आच शिकवतोस?"

"पेटवणं जमतं गं. यंत्राच्या भिंतीला न लागू देता ती मधल्यामध्ये तरंगत ठेवायची, तिथं घोडं अडतं. मागच्या वर्षी भिंतीला लागली आणि विझली."

म्हणजे तेही खापर तिच्याच माथी.

पूजेला घरच्यांना बोलावणं होतं. मालसुन ठेवणीतला रेशमी पोशाख घालून गेली, ती डोकं बघायला. बघते तर डुक्कर असं हसत होतं, जणू फिलन्योच्या माहेरचंच. सगळ्यांनी जमिनीला कपाळ टेकलं. हिनंही टेकलं आणि एकच मागितलं: आजही आग विझू दे.

मग सगळे काचेआडून पडद्याकडे बघत बसले. जांभळा उजेड पेटला. विझ, मालसुन मनात म्हणत होती, आता विझ. तेवढ्यात तिची नजर ग्यूहोच्या मानेवर गेली. लहानपणी ताप उतरताना भिजायची तशी भिजलेली. डोकं बदलायचं यानंच ठरवलेलं. विझली तर बोलणी यालाच बसणार.

"धर बाबा," ती पुटपुटली. "धर."

आग तरंगत राहिली, आजवर कधी राहिली नव्हती इतका वेळ.

नंतर डोकं कापून वाटलं. फिलन्यो स्वतः ताटली घेऊन आली.

"कसं झालंय, ताई?"

"मीठ कमी आहे," मालसुन म्हणाली आणि ताटली रिकामी करून परत दिली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पातेल्याखालची आच बारीक झाली. फिलन्यो दारावरून जाताना दिसली, की तेवढ्यापुरती मालसुन ती मोठी करायची.