साडेपाच किलो

पहिला कागद. चुरगळून टोपलीत.

ठमे,
रविवारी मी येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात घेऊन आजीनेच पुढे जायचं, असं तूच म्हणाली होतीस, आणि हो म्हणताना मी फोनवर रडले तेही तू ऐकलंस. तरी येत नाही. कारण असं की


दुसरा. यात कारण आहे, म्हणून हा फाडला.

ठमे, आमच्या लाँड्रीत चादरीची घडी दोघींनी घालायची असते. इस्पितळाच्या चादरी लांबलचक, एकटीला आवरत नाहीत. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, मग चालत समोरासमोर यायचं आणि आपली टोकं तिच्या हातात द्यायची. दिवसातून तीनशे वेळा. माझी जोडीदारीण म्हणजे कात्री. जिभेवरून पडलेलं नाव. मी दर रविवारी चर्चला जाते, म्हणून तिच्या लेखी मी संतीणबाई.

मागच्या वर्षी मुलांच्या वॉर्डाच्या चादरी भलत्याच वॉर्डात गेल्या. चादरीच्या कोपऱ्यात वॉर्डाचा आकडा लाल दोऱ्याने शिवलेला असतो, तो बघून गठ्ठे लावायचे. ते गठ्ठे कात्रीने लावले होते. तिने बोट माझ्याकडे दाखवलं आणि लाँड्रीच्या मोठ्या बाईंनी मला सहा महिने मळक्या कपड्यांच्या खोलीत बसवलं. तो वास अजून माझ्या केसांतून गेलेला नाही.

या महिन्यात माझ्या लक्षात आलं, टोकं घ्यायला ती हात पुढे करते तो माझ्या हाताच्या वीतभर बाजूला. मग बोटांनी शोधते. आकडा अंगठ्याने चाचपून वाचते. परवा चष्मा घरी राहिला म्हणत तिने एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. तिला चष्माच नाही. चिठ्ठीत डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती, हाच शनिवार. चुकली तर पुढची आठ महिन्यांनी, आणि तोवर नजर राहील याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती.

"वाचलंस ना?" ती म्हणाली. "आता विसर."

डोळे गेलेलीला कामावर कोण ठेवणार, म्हणून लपवते आहे.

आणि आमच्या चौघींत एका वेळी एकीलाच रजा. भिंतीवर एक खिळा, त्यावर पत्र्याचा एकच बिल्ला. जिच्याकडे तो, ती मोकळी. तुझ्याकडे रविवारी पोचायचं तर शनिवारीच निघायला हवं, म्हणून या आठवड्याचा बिल्ला कधीपासून माझ्या पिशवीत आहे, बाळाच्या झबल्यात गुंडाळलेला. कात्रीने भाचीच्या लग्नाची थाप मारून रजा मागितली, मोठ्या बाईंनी नाही म्हटलं. माझ्याकडे ती मागणार नाही. मेली तरी नाही.


तिसरा. हा ठमीला लिहिलेला नव्हताच.

प्रभू, ही प्रेम करण्यासारखी बाई नाही, तूही बघतोसच. एखादी गोड बाई पाठवली असतीस तर तिला मी हातातला घास दिला असता. पण हा घास नाही. सात वर्षांपूर्वी मी हट्टाने लेकीच्या लग्नाला गेले नाही. आताही गेले नाही तर तिला वाटेल, आईचा राग अजून तसाच आहे. पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या नोकरीपायी ती समुद्रापलीकडे जाणार. मग कधी भेट, कुणास ठाऊक.
तू माझ्यासाठी काय दिलंस ते मला माहीत आहे. त्याची आत्ता आठवण करून देऊ नकोस.

(करून दिलीसच.)


हा पाठवला.

ठमे, माझं येणं होत नाही. राग नाही गं. झबलं पाठवते आहे. वरचं बटण जरा सैल आहे, तेवढं घट्ट कर.
आई


यापुढचं कशावरच लिहिलेलं नाही.

बिल्ला मी खिळ्याला परत अडकवला. मोठ्या बाईंना म्हटलं, माझं जाणं होत नाही. म्हणेपर्यंत ते खोटं होतं, म्हटल्यावर खरं झालं. दहा मिनिटांत कात्रीने बिल्ला उचलला.

"काय संतीणबाई, लेकीने नको म्हटलं वाटतं?"

मी चादर झटकली.

रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी मी आमच्या चर्चमध्ये बाकावर होते. हात मांडीवर पडून होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

आठवड्याने कात्री आली, काळा चष्मा लावून. चादर धरून चालत समोर आली, टोकं नेमकी माझ्या हातात दिली आणि थांबली. चष्मा कपाळावर सरकवला.

"तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"होतच होते," मी म्हटलं.

त्याच दिवशी टपालाने फोटो आला. बाळ झबल्यात, ठमीच्या सासूबाईंच्या हातांत. चिठ्ठी नाही. फोटोच्या मागे ठमीच्या अक्षरात एवढंच: साडेपाच किलो. टोमणा की माया, किती वेळा वाचलं तरी कळेना.

लाँड्रीत वजनकाटा आहे. गठ्ठे तोलूनच वॉर्डात जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी काट्यावर चादरी ठेवत गेले. पाच किलो. एक अभ्रा. आणखी एक. एक टॉवेल. काटा साडेपाचवर थरथरला. गठ्ठा उचलून छातीशी धरला. चादरी नुकत्याच यंत्रातून निघालेल्या, ऊबदार होत्या. टेबलापासून खिडकीपर्यंत गेले, खिडकीपासून टेबलापर्यंत. मानेखाली हात द्यायला विसरले नाही.

डबा विसरला म्हणून कात्री परत आली. दारात उभी राहून बघत राहिली. मग जवळ येऊन तिने कोपऱ्यांतले लाल आकडे पाहिले, डोळ्यांनी. प्रत्येक चादरीवर वेगळा आकडा.

"हा गठ्ठा कुठल्या वॉर्डाचा?"

"आमच्या घरचा."

ती डबा न घेताच गेली, आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं, आत कुणी झोपलं असावं तसं.