पाय मोडलेली अक्षरं

कुंदाने स्क्रूड्रायव्हरचं टोक खाली घालून चिप उचकटली, तेव्हा चिपचा एक पाय वाकला. चिमट्याने तो सरळ करताना तिच्या तोंडून शिवी निघाली. पलीकडच्या टेबलावर तारा जोडत बसलेल्या वसुधाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आठवडाभर हेच चाललं होतं.

ती चिप असताना समोरच्या बोर्डावर लाल ठिपक्यांतून ‘धाडराम’ असं सरकत होतं. यायला हवं होतं ‘धोंडिराम’. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं गळून पडलं होतं.

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी लहान होती. घाटकोपरच्या एका धर्मादाय दवाखान्याने त्यांच्याकडे बोर्ड मागवला होता. खिडकीतल्या बाईंनी बटणं दाबून पेशंटचं नाव टाकायचं आणि ते बाकांसमोरच्या भिंतीवर दिसायचं. प्रोग्रॅम आणि सगळ्या अक्षरांचे आकार मिळून त्या एका चिपमध्ये बसवायचे होते. बोर्डात दुसऱ्या चिपला जागाच नव्हती. इंग्रजी अक्षरं घातली तर ती ऐसपैस बसत. मराठी अक्षरं दाराबाहेर सांडत.

कंपनीत कॉम्प्युटर नव्हता. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, त्याचे आकडे करायचे आणि ते एका छोट्या किटवर बटणांनी एकेक करून भरायचे. मग चिप जाळायची, म्हणजे ते आकडे तिच्यात पक्के करायचे. एवढं करून कुठे चूक निघाली तर चिप जांभळ्या दिव्याखाली ठेवून पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. एका वेलांटीपायी अख्खी चिप पुसायची, याचा कुंदाला संताप येई. त्या दिवशी तर सकाळपासून भरलेले आकडे चिपवर चढायच्या आतच वसाहतीतली वीज गेली. गेली ती मिनिटभरच, पण तेवढ्यात किट सगळं विसरलं.

चंद्रप्रकाश सामंत कंपनीचे मालक होते. माणूस वाईट नव्हता, पण दवाखान्याचे ट्रस्टी त्यांना रोज फोन करत होते. ते टेबलापाशी आले आणि त्यांनी बोर्डाकडे पाहिलं.

“इंग्रजी घाल आणि मोकळी हो.”

“तिथे येणाऱ्यांना इंग्रजी वाचता येत नाही, साहेब.”

“नावं तर त्यांचीच आहेत ना? शिकतील.”

कुंदाने पुसलेली चिप दिव्याखालून काढली आणि तिच्या पाठीवरच्या इवल्या काचेवरची धूळ ओढणीच्या टोकाने टिपली.

तिचे वडील, सहदेव मांजरेकर, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. जन्मभर साच्यांच्या खडखडाटात काढल्यामुळे ब्याऐंशीच्या गिरणी संपाच्या आधीच त्यांचे कान गेले होते. आता गिरणीही गेली होती आणि छातीत खोकला उरला होता. त्यासाठी ते घाटकोपरच्या त्याच दवाखान्यात जात. मागे एकदा त्यांचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं गेलं. कोणी उठलं नाही, म्हणून त्यांचा कागद तळाशी गेला. दवाखाना बंद होईपर्यंत ते बाकावर बसून होते. घरी येऊन त्यांनी चकार शब्द काढला नाही. औषधाची बाटली रिकामीच परत आलेली आईने पाहिली, म्हणून कुंदाला कळलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बोर्डाची ऑर्डर आली. हे काम तिने मागून घेतलं होतं, पण वडिलांबद्दल ती सामंतांना काही बोलली नव्हती. घरचं गाऱ्हाणं ऑफिसात कशाला, असं तिला वाटायचं.

वीज गेली त्याच दुपारी, उभे-आडवे ठिपके मांडलेल्या कागदावर चिडून रेघा मारताना तिने ‘ग’चा काना खोडला. मग ‘त’चा, मग ‘प’चा. काना गेला की प्रत्येक अक्षर आपोआप अर्धं होत होतं. म्हणजे पूर्ण अक्षर साठवायची गरजच नव्हती. अर्धी अक्षरं ठेवायची, काना एकदाच ठेवायचा आणि हवा तिथे चिकटवायचा. वेलांट्या-मात्रांचंही तसंच. ती झपाट्याने लिहू लागली. संध्याकाळ झाली तशी वसुधाने तिच्या डोक्यावरचा दिवा लावून दिला, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

पण ट, ठ, ड, द यांना काना नव्हता. त्यांची जोडाक्षरं वेगळी साठवायला जागा उरेना. दोन दिवस झगडून तिने हार मानली आणि त्यांना खाली तिरकी रेघ देऊन त्यांचे पाय मोडले. सामंतांनी बोर्डावर आपलं नाव टाकून पाहिलं. ‘चंद्‌रप्रकाश’ असं लाल अक्षरांत त्यांच्यासमोरून गेलं.

“माझा पाय मोडलास की,” ते म्हणाले.

“वाचता तर येतंय ना साहेब?”

सामंत हसले नाहीत. बोर्ड एक दिवस लावून बघू, म्हणाले. इंग्रजी अक्षरांची चिपही तयार ठेवायला सांगितलं. तक्रार आली तर कुंदाने तिथल्या तिथे चिप बदलायची, असं ठरलं.

बोर्ड लावला त्या सकाळी कुंदा वडिलांना बरोबर घेऊन गेली. दवाखान्याचे बाक भरले होते. खिडकीतल्या रत्नप्रभाबाईंना हे नवं लचांड मुळीच आवडलेलं नव्हतं. एका बोटाने एकेक बटण शोधत त्यांनी पहिलं नाव टाकलं. ‘सोनूबाई जाधव’. उकार, काना, सगळं जागच्या जागी. कुंदाने श्वास सोडला.

कोणीच उठलं नाही.

नाव पुन्हा एकदा सरकत गेलं. बाकांवरची माणसं वर बघत होती, गणपतीची रोषणाई बघावी तशी. रत्नप्रभाबाईंनी दुसरं नाव टाकलं, ‘सुंदराबाई खोत’. तरीही कोणी हललं नाही. आतून डॉक्टरांनी घंटी वाजवली.

“बघा,” रत्नप्रभाबाई कुंदाला म्हणाल्या. “मी ओरडायचे तेव्हा निदान माणसं यायची तरी.”

कुंदा पहिल्या बाकापाशी गेली. कडेला एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तुमचं नाव काय, असं कुंदाने विचारलं.

“सोनूबाई.”

“अहो, मग वर तुमचंच नाव आलंय.”

“आलं असंल बाई,” म्हातारी म्हणाली. “मला कुठं वाचाया येतंय?”

शेजारच्या दोघीतिघींनीही माना हलवल्या. कुंदाचे कान तापले. इतके दिवस ती इंग्रजीशी भांडली होती, एकेका ठिपक्यासाठी रडकुंडीला आली होती, आणि हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने पर्स उघडून आत हात घातला. इंग्रजी चिप पुठ्ठ्याच्या डबीत होती. डबी तिने हातात धरली, पण बाहेर काढली नाही. ती लावूनही काय होणार होतं? रत्नप्रभाबाई ओरडायला खिडकीतून वाकल्याच होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून आवाज आला.

“सोनूबाई जाधव कोण गे?”

साच्यांच्या गदारोळात चार साचे पलीकडच्या माणसाला हाक मारायचा तो आवाज. सगळा दवाखाना वळून बघू लागला. सहदेवांना आधीचं बोलणं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. बोर्डावर नावं येतात आणि माणसं बसूनच राहतात, एवढंच त्यांना दिसत होतं.

म्हातारी उठली.

“तुझा नाव इला. जा आत,” ते म्हणाले. “सुंदराबाई खोत, तू हिच्या मागसून.”

रत्नप्रभाबाई खिडकीत तशाच थांबल्या. मग मागे सरून त्यांनी पुढचं नाव टाकलं. सहदेवांनी ते वाचलं. त्यानंतरचंही वाचलं. मोडलेल्या पायाची अक्षरं ते न अडखळता नीट जोडून घेत होते. बाया पोरांना उचलून उठत होत्या, आत जात होत्या. कोणाला उशीर झाला तर सहदेव दुसऱ्यांदा पुकारत, हात वर करून. त्यांना खोकला आला की सगळे थांबत.

कुंदा भिंतीला टेकून उभी राहिली. पर्सची चेन तिने ओढून घेतली.

मग बोर्डावर एक नवं नाव सरकत आलं.

“सहदेव मांजरेकर,” त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, आणि कोण उठतंय ते बघायला मान मागे वळवली.