क्वाबेनाचा ऑर्गन

लंडनच्या पेकहॅममधल्या बॅरिंग्टनकाकांच्या रेकॉर्डच्या दुकानात त्या शनिवारी एलिसनं तोंड आवरलं असतं तर बरं झालं असतं. पण गॅरेज या नाचाच्या संगीतात त्यानं काढलेल्या पहिल्याच रेकॉर्डनं त्याच्या डोक्यात हवा गेली होती. जो तो त्यातल्या बासचं, खालच्या खर्जातल्या सुरांचं, कौतुक करत होता. बास होताच तसा, जाडजूड, उड्या मारत चालणारा आणि थेट छातीत घुमणारा. काकांनी गिऱ्हाइकांसाठी शेजारीच उभ्या असलेल्या क्वाबेनाचं नवं रेकॉर्ड लावलं आणि तोच बास घुमला.

"हा माझा आवाज आहे!" एलिसनं काउंटरवर हात आपटला. "इतकी वर्षं मित्र म्हणवतोस आणि माझाच माल उचलतोस? चोर आहेस तू, क्वाबेना!"

वीस-पंचवीस जण ऐकत होते. शाळेपासूनचा हा मित्र फक्त "बरं," म्हणाला आणि बाहेर पडला. काकांनी त्याची रेकॉर्डं काउंटरखाली टाकली. "मी विकणार नाही ही. पण तू पुरावा आण हं, बाबा."

पुरावा काय, घरातच होता! घरी आल्याआल्या एलिसनं आवाज साठवलेल्या फ्लॉपींचा खोका पालथा घातला. बासच्या फ्लॉपीवर त्यानं स्वतःचं नाव घातलं होतं, पण ती नंतरची नक्कल. त्याला हवी होती सगळ्यात पहिली, जुनी. ती तळाशी सापडली. तिच्यावर क्वाबेनाच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'आईचं चर्च, ऑर्गन'. एलिसचा बास म्हणजे त्याच ऑर्गनचे खर्जातले सूर होते.

एलिसला सगळं आठवलं. मागच्या हिवाळ्यात क्वाबेनाच्या आईच्या हातचा टोमॅटोतला तिखट जोलोफ भात एलिसनं दोनदा मागून खाल्ल्यावर क्वाबेनानं मूठभर फ्लॉप्या त्याच्या खिशात कोंबल्या होत्या. "लागेल ते वापर रे." सगळेच अशी देवाणघेवाण करायचे. एलिसनं घरी येऊन नक्कल केली, नाव बदललं, आणि महिन्याभरात तो आवाज त्याला खरोखरच स्वतःचा वाटू लागला होता. त्याचे कान तापले. फ्लॉपी कचऱ्यात टाकली तर कुणाला कळणार होतं? त्यानं डब्याचं झाकण उघडलंसुद्धा. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

पुढच्या शनिवारी दुकान तसंच भरलेलं होतं. क्वाबेना आपली न विकलेली रेकॉर्डं खोक्यात भरत होता. एलिसनं फ्लॉपी पुढे केली. मान काही वर होईना.

"सापडली होय?" क्वाबेना म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"तुझं रेकॉर्ड आलं त्याच दिवशी ओळखला. आईला ऐकवलं. म्हटलं, बघ, एलिसच्या गाण्यात आपल्या चर्चचा ऑर्गन वाजतोय. केवढी खूश झाली! रविवारी सगळ्यांना सांगत सुटली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस, गाढवा?"

"एवढ्या लोकांसमोर? तुझी काय इज्जत राहिली असती?"

एलिसला वाटलं, यानं एक थोबाडीत दिली असती तर सोपं गेलं असतं. तो काउंटरकडे वळला आणि पुटपुटला, "आवाज क्वाबेनाचा आहे. चोर मी आहे." दुकानात कुणाचं तरी रेकॉर्ड दणदणत होतं. कुणीच मान वळवली नाही. चला, बोलून तर टाकलं, असं मनाशी म्हणत तो दाराकडे सरकला.

बॅरिंग्टनकाकांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. दुकान एकदम गप्प झालं.

"परत म्हण," काका म्हणाले. "मागच्या शनिवारी मोठ्यानं म्हणाला होतास."